चिपवरचा आकडा कसा ठरतो?

गेल्या दिवाळीत आमच्या अक्काचा मुलगा हुबळीहून आला, तो फटाक्यांऐवजी आपला कॉम्प्युटर घेऊन. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे चित्रीकरण जोडून सगळ्या नातेवाइकांना पेनड्राइव्हवर द्यायचे ठरले होते. रात्रभर मशीन चालले, चित्रफीत तयार झाली. पण सुना आजीला ओवाळताहेत नेमक्या त्याच वेळी पडद्यावर हिरवे चौकोन! पुन्हा तयार केली, तर चौकोन भलत्याच जागी. "मामा, कॅमेऱ्याचाच दोष दिसतो," असे त्याचे म्हणणे. पण दोष कॅमेऱ्याचा असता तर चौकोन दोन्ही वेळा एकाच जागी आले असते. खोदून विचारल्यावर चिरंजीवांनी कबूल केले, की प्रोसेसरचा वेग आपण वाढवून ठेवलाय. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग मूळ आकड्यावर आणला आणि चौकोन गेले.

"कंपन्या मुद्दामच कमी आकडा छापतात, सगळेच वाढवतात," हे वर त्याचे समर्थन. वाचकहो, यात अर्धे खरे आहे.

सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर शेकडो चिप एकदम घडवल्या जातात. साचा एकच, तरी सगळ्या सारख्या उतरत नाहीत. एकाच शेतातली ब्याडगी मिरची वाळवली तरी पुढे प्रतवारी करावीच लागते, तसेच हे. चकती कापण्याआधीच प्रत्येक चिपवर बारीक सुया टेकवून विजेने तपासणी होते. नापास चिप तिथेच बाजूला. उरलेल्यांना पाय आणि कवच बसवले, की त्यांतल्या काहींना भट्टीसारख्या उष्णतेत, नेहमीपेक्षा जास्त व्होल्टेज देऊन राबवतात. जी लवकर मरणार असेल ती कारखान्यातच मरावी, हा त्यामागचा हेतू.

खरी परीक्षा वेगाची. ट्रान्झिस्टर साधारणपणे तापला आणि व्होल्टेज कमी पडले, की मंदावतो. म्हणून वाईटात वाईट स्थितीत, म्हणजे चिप गरम आणि वीज कमी असताना, ती कोणत्या वेगापर्यंत अचूक उत्तरे देते ते पाहतात. व्होल्टेज एका बाजूला आणि वेग दुसऱ्या बाजूला घेऊन पास-नापासाचा नकाशाच काढतात. त्याला 'श्मू प्लॉट' म्हणतात. अमेरिकेतल्या एका जुन्या व्यंगचित्रमालेतल्या गोलमटोल प्राण्यावरून हे नाव पडले. मिळालेल्या वेगातून थोडा भाग राखून ठेवतात, कारण चिपलाही म्हातारपण येते आणि गिऱ्हाइकाचे घर म्हणजे काही वातानुकूलित प्रयोगशाळा नव्हे. ओव्हरक्लॉकिंगवाले हात घालतात तो याच राखीव भागात.

शिवाय बाजाराचेही गणित असते. स्वस्त चिपला मागणी जास्त आणि कारखान्यात माल मात्र उत्तम निघतोय, तर चांगल्या चिपवरही लहान आकडा छापला जातो. १९९८ मध्ये आलेली इंटेलची सेलेरॉन ३००ए ही याची गाजलेली गोष्ट. तिचा वेग ३०० मेगाहर्ट्झ. मदरबोर्डवरचे ६६ मेगाहर्ट्झ वाढवून १०० केले, की ती ४५० वर धावू लागे आणि बऱ्याच जणांकडे ती महिनोन्महिने बिनतक्रार चालली. कितीतरी महागड्या पेंटियम टू ४५० च्या जवळपासचे काम ती करी. भाच्याच्या पिढीचा जो समज आहे, त्याचे मूळ अशा गोष्टींत आहे.

पण दुसरी गोष्ट फारसे कुणी सांगत नाही. मार्च २००० मध्ये एएमडीने १ गिगाहर्ट्झचा टप्पा गाठला आणि इंटेल दोन दिवसांनी तिथे पोचली. हे दोन दिवस जिव्हारी लागले असावेत. जुलैअखेरीस इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झची पेंटियम थ्री जाहीर केली. रचना जुनीच, व्होल्टेज थोडे चढवलेले. थोडक्यात, कंपनीने स्वतःच ओव्हरक्लॉकिंग केले, असे मी म्हणेन. थॉमस पाब्स्ट आणि काइल बेनेट या परीक्षकांच्या हाती नमुने पडले. नेहमीच्या बऱ्याच चाचण्या निभावल्या, पण लिनक्सचा गाभा कंपाइल करायला घेतला, की चिप कोलमडू लागली. कंपाइल करणे म्हणजे हजारो फायलींचे यंत्रभाषेत रूपांतर. एक बिट चुकला तरी काम अडते. काही विशिष्ट तापमानाला, काही विशिष्ट सूचना चालवताना दोष उमटतो, हे अखेर कंपनीला मान्य करावे लागले आणि ऑगस्ट २००० संपण्यापूर्वीच तिने ही चिप परत बोलावली. त्या वेगाची निर्दोष पेंटियम थ्री बाजारात यायला २००१ उजाडले.

म्हणजे सगळी सामग्री हाताशी असूनही कारखान्याच्या चाळणीतून हा दोष निसटला. मग रात्रभर एखादा गेम चालला म्हणून 'मशीन पक्के' असे आपण कशावरून म्हणावे? चुकीची चिप दर वेळी बंदच पडते असे नाही. कधी ती शांतपणे चुकीचे उत्तर देते आणि पुढे जाते. चित्रफितीतला चौकोन निदान डोळ्यांना दिसतो. हिशेबातला एक आकडा बदलला तर तो कोण पाहणार?

राखीव भागही हल्ली आटत चालला आहे. आजच्या चिप तापमान पाहून स्वतःच वेग चढवतात आणि उतरवतात; वरचे बरेचसे लोणी कंपनीनेच काढून घेतलेले असते. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप चिप ६ गिगाहर्ट्झपर्यंत जात. २०२४ मध्ये त्यांतल्या अनेक चिप वारंवार कोसळू लागल्या. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे आतले घड्याळाचे मंडळ अकाली झिजत होते. कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झिजलेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही.

हे सगळे भाच्याला सांगितले. त्याने ऐकूनही घेतले. परवा अक्का फोनवर सांगत होती, की पोराने पुन्हा वेग वाढवलाय. मात्र या वेळी आजीची चित्रफीत त्याने आधी दोन ठिकाणी उतरवून ठेवली आहे.