‘दॅन’च्या पुढे कोण?

‘तो माझ्यापेक्षा उंच आहे’ हे इंग्रजीत सांगायचे तर ‘ही इज टॉलर दॅन’ इथपर्यंत कुणाचेच अडत नाही. अडते ते पुढच्या एका शब्दापाशी. ‘आय’ म्हणायचे की ‘मी’? (हा इंग्रजी ‘मी’ आपल्या ‘मला’च्या कुळातला, मराठी ‘मी’शी त्याचे नाते केवळ आवाजापुरते.) जुन्या वळणाच्या शिक्षणात ‘मी’ खाली लाल रेघ येते आणि शेजारी ‘आय’ लिहिले जाते. ज्यांची ती मातृभाषा आहे ती माणसे मात्र रोजच्या बोलण्यात बिनदिक्कत ‘टॉलर दॅन मी’ म्हणतात. ‘टॉलर दॅन आय’ एवढ्यावर थांबणारा माणूस त्यांच्यात जरा पुस्तकी ठरतो. बोलणारे सगळे चुकतात आणि रेघ तेवढी बरोबर, अशी आपली समजूत करून दिलेली असते. माझ्या मते प्रकरण नेमके उलटे आहे. ‘दॅन मी’ हा गावंढळपणा नाही की आळसही नाही. ते इंग्रजीचे जुने, नियमात बसणारे रूप आहे. त्याला चूक ठरवणारा नियमच मागाहून आला आणि तोही अर्धवट पुराव्यावर.

नियमामागची विचारसरणी आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. ‘दॅन’ हे उभयान्वयी अव्यय आहे, म्हणजे ते दोन वाक्ये जोडते, असे ती सांगते. दुसऱ्या वाक्यातले क्रियापद बोलताना गाळले जाते, पण ते मनात असतेच. ‘टॉलर दॅन आय’ म्हणजे ‘टॉलर दॅन आय ॲम’. ‘ॲम’चा कर्ता ‘आय’च असणार, म्हणून ‘मी’ चूक. या मताला भारदस्तपणा मिळवून दिला तो रॉबर्ट लाउथ यांनी. ऑक्सफर्डला काव्याचे प्राध्यापक राहिलेले आणि पुढे लंडनचे बिशप झालेले हे गृहस्थ. त्यांचे छोटेखानी इंग्रजी व्याकरण 1762 मध्ये निघाले आणि पुढे अनेक वर्षे शाळांतून त्याचा धाक राहिला. तळटिपांत त्यांनी भल्याभल्या लेखकांच्या चुका काढल्या. स्विफ्टसारखा गद्यलेखकही त्यातून सुटला नाही. ज्या रूपावर भाषेतले उत्तम लेखकच वारंवार घसरतात, ते रूप खरोखर चूक आहे की मोजपट्टीच आखूड आहे, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता.

मोजपट्टी आखूड आहे हे दाखवायला फार लांब जावे लागत नाही. ‘मोअर दॅन टेन’ म्हणजे दहापेक्षा जास्त. इथे ‘टेन’च्या पुढे कोणते क्रियापद गाळले आहे? ‘ही इज टॉलर दॅन सिक्स फीट’, तो सहा फुटांहून उंच आहे. शेवटी ‘आर’ लावून पाहा; असे इंग्रजी कुणी बोलत नाही. दडलेले वाक्य इथे नाहीच, ‘दॅन’ सरळ नामाला धरून उभे आहे. त्याहून बोलका पुरावा प्रश्नार्थक वाक्यात सापडतो. ‘तू कोणापेक्षा उंच आहेस?’ हे इंग्रज माणूस ‘हू आर यू टॉलर दॅन?’ असे विचारतो. प्रश्नवाचक शब्द पुढे गेला आणि ‘दॅन’ वाक्याच्या शेवटी एकटे राहिले. ‘विथ’, ‘फॉर’, ‘टू’ हे शब्द असे मागे राहू शकतात. ‘अँड’ किंवा ‘बिकॉज’ मागे सोडून वाक्य संपवून पाहा, जमत नाही. म्हणजे ‘दॅन’ निदान काही जागी ‘विथ’च्या पंगतीला बसते, आणि ‘विथ’च्या पुढे ‘आय’ येत नाही, ‘मी’ येतो, याबद्दल कुणाचाच वाद नाही. हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 सालच्या केंब्रिज व्याकरणाने ‘दॅन’ला उघडपणे याच वर्गात घातले आहे.

जुन्या ग्रंथांची साक्षही बोलणाऱ्यांच्याच बाजूने पडते. 1560 च्या जिनिव्हा बायबलात, नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायात, मूर्खाचा राग दगड आणि वाळू या दोहोंपेक्षा जड असतो असे वचन आहे. तिथे ‘दॅन’पुढे ‘दे’ नसून ‘देम’ आहे. लाउथ यांच्या पुस्तकाच्या दोनशे वर्षे आधीची ही गोष्ट. मिल्टनने 1667 च्या ‘पॅराडाइज लॉस्ट’मध्ये ‘दॅन हूम’ लिहिले. लाउथ यांच्या नियमाने ते ‘दॅन हू’ व्हायला हवे होते, पण कानाला ते इतके विचित्र लागते की खुद्द लाउथ यांनीच या एका शब्दाला सूट देऊन टाकली. नियमाला आपल्याच हाताने असे भगदाड पाडावे लागते तेव्हा शंका घ्यायला जागा उरते. त्यांच्याच काळात, 1765 मध्ये, विल्यम वॉर्ड नावाच्या व्याकरणकाराने दोन्ही रूपे ग्राह्य धरणारी मांडणी केली होती. ती वस्तुस्थितीला अधिक धरून होती, पण शाळांनी उचलली ती लाउथ यांची. एकच उत्तर असलेला नियम शिकवायला आणि तपासायला सोपा जातो, हे त्याचे एक कारण असावे.

यावर पहिला आक्षेप असा की ‘दॅन’चा उगम उभयान्वयीच आहे. हे खरे आहे. ‘दॅन’ आणि ‘देन’ हे मुळात एकच शब्द होते, त्यांची स्पेलिंगे वेगळी पक्की व्हायला सतरावे शतक सरत आले. पण शब्द जन्मला तेव्हा जे काम करत होता तेच त्याने कायम करावे, असा आग्रह आपण इतरत्र धरत नाही. आपले ‘पेक्षा’ घ्या. ते आले संस्कृत ‘अपेक्षा’ या नामावरून. आज ते शब्दयोगी अव्यय आहे आणि आपल्या आधीच्या शब्दाचे सामान्यरूप मागते: ‘माझ्यापेक्षा’, ‘त्याच्यापेक्षा’. ‘मीपेक्षा’ मराठीत लहान मूलही म्हणत नाही. मात्र क्रियापद सांगायचेच असेल तर आपण वाक्याची घडणच बदलतो: ‘मी पळतो त्यापेक्षा तो जोरात पळतो.’ इंग्रजीतही हेच दोन मार्ग आहेत. क्रियापद असेल तर ‘दॅन आय डू’, नसेल तर ‘दॅन मी’. मराठी बोलणाऱ्याला ही विभागणी मुळातूनच ठाऊक असते. लाल रेघ त्याला त्यापासून दूर नेते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, तो संदिग्धतेचा. ‘शी लाइक्स टी मोअर दॅन मी’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: माझ्यापेक्षा तिला चहाची आवड जास्त, किंवा तिला चहा प्रिय आणि मी दुय्यम. ‘आय’ आणि ‘मी’ यांतला भेद पाळला तर हा घोटाळा टळतो, असे नियमवाले म्हणतात. टळतो, पण फक्त सर्वनामापुरता. ‘मी’च्या जागी ‘रमेश’ घाला. इंग्रजी नाम दोन्ही अर्थांत तसेच राहते आणि घोटाळाही तसाच राहतो. मराठीतले ‘तिला माझ्यापेक्षा चहा जास्त आवडतो’ हेही तितकेच दुटप्पी आहे, तरी त्यावरून कुणाचा संसार मोडल्याचे ऐकिवात नाही. जिथे खरोखर गैरसमज होईल तिथे उपाय एकच, क्रियापद बोलून टाकणे: ‘दॅन आय डू’, नाहीतर ‘दॅन शी लाइक्स मी’. नामालाही हा उपाय चालतो.

जाता जाता एक गंमत. ‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’ हे लॅटिनमधून आलेले तुलनेचे शब्द ‘दॅन’ला जवळ करत नाहीत, त्यांना ‘टू’ लागते. ‘सीनिअर दॅन मी’ ही मात्र खरी चूक आहे, ‘सीनिअर टू मी’ हवे. पण मराठी कचेऱ्यांत आणि कॉलेजांत ‘तो मला दोन वर्षं सीनिअर’ असेच म्हणतात, ‘माझ्यापेक्षा’ क्वचितच. या ‘मला’चे इंग्रजी करायला गेले की ‘टू मी’ आपसूक हाती येते.

उरतो परीक्षेचा प्रश्न, आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. तपासणारा जुन्या नियमाचा असेल तर ‘दॅन मी’ला गुण जातील, ‘मातृभाषिक असेच बोलतात’ हा युक्तिवाद उत्तरपत्रिकेच्या समासात लिहून उपयोग नाही. अशा वेळी ‘दॅन आय ॲम’ असे पूर्ण लिहावे. त्याला जुना व्याकरणकार नाव ठेवत नाही आणि नवाही नाही. बोलताना, ईमेलमध्ये, मुलाखतीत मात्र ‘दॅन मी’ म्हणायला संकोच नको. आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ‘चूक दुरुस्त करा’ या सदराखाली हे वाक्य देणे आता थांबवावे. त्या सदरासाठी ‘सीनिअर दॅन’ आहेच.