दूरदेशीचे दान आणि जवळचे हात

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या आठवड्यात अंतरवाली सराटीहून येणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी पत्र्याचा एक डबा आमच्या मेजावर आणून ठेवला. परदेशातील एका अनाथगृहातील बालकांची चित्रे त्यांच्या पाहण्यात आली होती. त्या बालकांसाठी म्हणून सुटीतील खाऊचे पैसे त्यांनी या डब्यात साठविले होते. त्यांनी आम्हांस दोन प्रश्न केले. हे पैसे त्या मुलांपर्यंत खरोखर पोचतील काय? आणि मोठेपणी आम्ही तिकडे जाऊन त्यांची सेवा करू शकू काय? ही वार्ता घरोघरी गेल्यावर एका पालकांनी तिसरा प्रश्न उपस्थित केला. आपल्याच गावची लेकरे उघडी असता समुद्रापलीकडच्यांची चिंता आपण का वाहावी?

हे तिन्ही प्रश्न योग्य आहेत. त्यांची उत्तरे आमच्या पदरच्या उपदेशापेक्षा आपल्या महाराष्ट्रात घडून गेलेल्या गोष्टींतून मिळणे अधिक बरे, असे आम्हांस वाटते.

पंडिता रमाबाई यांचे नाव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्यांचा जन्म १८५८ चा. ऐन तारुण्यात दुष्काळाने त्यांचे आईवडील हिरावून नेले. त्यामुळे पोरकेपण म्हणजे काय हे त्यांनी स्वतः भोगले होते. १८८६ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या. तेथे ठिकठिकाणी व्याख्याने देऊन हिंदुस्थानातील बालविधवांची स्थिती त्यांनी लोकांपुढे मांडली. त्यातून १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन शहरी त्यांच्या साहाय्यार्थ एक मंडळी स्थापन झाली. तिची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. एखाद्या श्रीमंताने भावनेच्या भरात मोठी रक्कम टाकावी आणि पुढे विसरून जावे, असा तो प्रकार नव्हता. गावोगावी छोटी मंडळे निघाली. प्रत्येक सभासदाने वर्षाला एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षे देण्याचे वचन दिले. रक्कम लहान, परंतु मुदत मोठी! पुढील वर्षी पैसा येणार हे ज्या संस्थेला आधी कळते, तीच संस्था मुलीला पहिल्या इयत्तेपासून शेवटच्या इयत्तेपर्यंत शिकविण्याचे धाडस करू शकते.

या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेण्यात आले. तेथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये प्रो. धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. पुढे कर्व्यांनी विधवांसाठी जो आश्रम काढला, त्यासाठी आनंदीबाईंनी स्वतः हिंडून वर्गणी गोळा केली. बोस्टनच्या कोण्या बाईने दिलेला डॉलर कोठवर पोचला ते पाहा! ज्या मुलीने मदत घेतली, तीच पुढे मदत मागावयास दुसऱ्यांच्या दारी उभी राहिली, आणि तीही स्वतःसाठी नव्हे.

मात्र याच कथेला दुसरी बाजू आहे, व ती झाकून ठेवणे आम्हांस उचित वाटत नाही. शारदा सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, अशी अट होती. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागला, तेव्हा पुण्यात मोठे वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागारांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. चूक कोणाची, हा वाद आज उकरण्याचे कारण नाही. बोध मात्र घ्यावा. पैसा दूर देशाहून आला तरी मूल ज्या समाजातून येते त्याचा विश्वास हेच संस्थेचे खरे भांडवल होय. ते एकदा हरवले तर कोणत्याही देशाच्या नाण्याने भरून निघत नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या व शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्याच्या पूर्वेस दौंडच्या वाटेवर केडगाव येथे त्यांनी शेतजमीन घेऊन ठेवली होती. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या जणींना नुसते जेवू घालणे म्हणजे त्यांना जन्मभर याचक करणे, हे बाई जाणून होत्या. म्हणून मुली विणकाम शिकल्या, तेलाचा घाणा चालवू लागल्या, शेती पाहू लागल्या आणि छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. मिनी एब्रम्स ही अमेरिकन बाई तेथे रमाबाईंच्या हाताखाली कामास राहिली. तिने आधी मराठी शिकून घेतली होती व या देशात अनेक वर्षे काढली होती. परदेशी स्वयंसेवक उपयोगी पडतो तो असा. तो चार दिवस पाहुणा म्हणून येत नाही, आणि आला की स्थानिक माणसाच्या हाताखाली काम करतो.

आपण केवळ घेणारेच होतो काय? तसे नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलंडातील लक्षावधी लोकांना सोव्हिएत सत्तेने सैबेरियाकडे नेऊन टाकले. तेथून सुटून इराणमार्गे त्यांपैकी काही हिंदुस्थानात आले. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती. जामनगर संस्थानात बालाचडी येथे आश्रय मिळालेली पोलिश मुलेही पुढे येथेच आली. खर्च मुख्यतः लंडनमध्ये असलेल्या पोलिश सरकारचा, तर भूमी आणि शेजार कोल्हापूरकरांचा. येथे मायलेकरांची ताटातूट झाली नाही. मुलांच्या शाळा पोलिश भाषेत चालल्या, सणवार त्यांच्या रीतीने झाले. ज्याचे सर्वस्व गेले त्याची भाषा आणि त्याची माणसे तरी त्याच्याजवळ राहू द्यावीत, हे त्या वसाहतीने शिकविले.

मोठेपणी परदेशी जाऊन सेवा करता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी दिले आहे. १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनच्या मदतीस पाच हिंदी डॉक्टर गेले, त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर व हे कोटणीस होते. इतर चौघे यथाकाल परतले. कोटणीस राहिले. ते चिनी भाषा शिकले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करू लागले आणि तेथील तरुणांस वैद्यक शिकवू लागले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे तेथेच देहावसान झाले. त्यांच्यापाशी नुसता कळवळा नव्हता, तेथे उणीव असलेली विद्या होती. विद्यार्थिमित्रहो, परदेशी सेवेची इच्छा असेल तर तिची तयारी आजच्या अभ्यासात आहे.

आता एक सावधगिरीची गोष्ट. अलीकडील अभ्यासांतून असे दिसून आले आहे की, जगातील अनाथगृहांत राहणाऱ्या पुष्कळ मुलांचे आई किंवा बाप हयात असतात. त्यांना तेथे आणते ते दारिद्र्य. काही देशांत तर देणगीदार व हौशी पाहुणे यावेत म्हणून मुले आईबापांपासून तोडून अनाथ म्हणून उभी केली गेली. आठपंधरा दिवसांसाठी येणारे स्वयंसेवक मुलांना लळा लावतात आणि निघून जातात. मग दुसरे येतात, तेही जातात. ज्या लेकराने एकदा विरह सोसला आहे, त्याला तो पुनःपुन्हा सोसावा लागतो. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही आपल्या ठरावात या हानीची दखल घेतली. आपल्या देशात २०१५ च्या बालन्याय अधिनियमानुसार प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे. मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यास बालकल्याण समिती आहे. संकटातील बालकासाठी १०९८ हा क्रमांक प्रत्येकाने पाठ ठेवावा.

हे सर्व आपल्याला परके नाही. दिवाळी सरली की आपल्या भागातून मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. आमच्या वर्गातील काही बाके मार्चपर्यंत रिकामी राहतात. काही मुले आजीपाशी मागे राहतात, तर काही आईबापांबरोबर कारखान्याच्या फडावर जातात. ही मुले अनाथ नव्हेत. त्यांना अनाथगृह नको. आजीच्या चुलीवर दोन वेळचे अन्न शिजावे, अथवा हंगामी वसतिगृहात राहून त्यांची शाळा चुकू नये, एवढेच हवे. आपल्या दाराशी हे ज्याला दिसते, त्यालाच दूरच्या अनाथगृहाविषयी योग्य प्रश्न विचारता येतात. पालकांच्या प्रश्नास आमचे उत्तर हेच की, जवळचे आणि दूरचे अशी येथे निवड करावयाची नाही. जवळच्याकडे नीट पाहिल्याने दूरच्याला नीट देता येते.

डबा अद्याप आमच्या मेजावर आहे. त्याच्या शेजारी आता एक वही आली आहे. एकदाच सारे देऊन मोकळे होण्यापेक्षा दरमहा थोडे घालावे व वर्गापुढे हिशेब वाचावा, असे मुलांनी ठरविले. पैसे पाठविण्यापूर्वी संस्थेस तीन प्रश्न विचारावयाचे, हेही ठरले. या मुलांचे आईबाप कोठे आहेत? त्यांना पुन्हा घरी पोचविण्यासाठी तुम्ही काय करता? वर्षाचा हिशेब दाखवाल काय? उत्तरे समाधानकारक आली तर डबा उघडेल. दरम्यान फडावर गेलेल्या सोबत्यांसाठी रोजचे धडे उतरून ठेवण्याचे काम त्यांनी आपसांत वाटून घेतले आहे. त्या कामाला पैसा लागत नाही. परवानगीही आम्ही तत्काळ दिली.