‘सीसीसी’च्या पोरांचा वारसा

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात, बिग मेडोजच्या माहिती केंद्रापाशी एक पूर्णाकृती पुतळा उभा आहे. उघड्या अंगाचा, कुऱ्हाड घेतलेला विशीतला तरुण. 1933 ते 1942 या काळात छावण्यांत राहून देशातली जंगलं नव्याने उभी करणाऱ्या सुमारे 30 लाख पोरांचा तो प्रतिनिधी. असे पुतळे तिथल्या अनेक राज्यांत आहेत. ते उभे राहावेत यासाठी झटली ती त्याच छावण्यांतून बाहेर पडलेली माणसं.

महामंदीने अमेरिकेला घेरलं होतं. दर चार कामकऱ्यांमागे जवळपास एक बेकार होता. जंगलं बेसुमार तोडली गेली होती आणि शेतांतली माती वाहून चालली होती. मार्च 1933 मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्ष झाले. बेकार तरुण आणि उजाड जमीन या दोन्हींवर त्यांनी एकच तोडगा काढला. 31 मार्चला कायद्यावर सही झाली आणि 17 एप्रिलला व्हर्जिनियाच्या जंगलात पहिली छावणी सुरूही झाली. या योजनेचं नाव सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर, लोकांच्या तोंडी ‘सीसीसी’.

सुरुवातीला 18 ते 25 वयाच्या, सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांतल्या अविवाहित मुलांची भरती झाली. पगार महिना 30 डॉलर. त्यातले 25 थेट घरी जायचे, 5 हातखर्चाला उरायचे. एका छावणीत साधारण 200 जण. राहणं, जेवण आणि शिस्त लष्कराकडे, तर दिवसभराचं काम वनखात्याच्या किंवा उद्यानखात्याच्या देखरेखीखाली. पोरांनी रोपं लावली, वणवे विझवले, रस्ते काढले, बांध घातले. संध्याकाळी वर्ग भरत. अनेकांनी लिहा-वाचायला शिकून घेतलं, अनेकांच्या हाती गवंडीकाम किंवा सुतारकाम आलं. नऊ वर्षांत सुमारे 300 कोटी झाडं लागली, 700 हून अधिक राज्य उद्यानं उभी राहिली. डेन्व्हरजवळ लाल खडकांच्या कुशीतलं रेड रॉक्सचं खुलं नाट्यगृह याच पोरांनी बांधलं.

या इतिहासाला काळी बाजूही आहे. मुलींना या छावण्यांत प्रवेश नव्हता. कृष्णवर्णीय मुलांना बहुतेक ठिकाणी वेगळ्या छावण्यांत ठेवलं जाई. वारसा जपायचा तर हेही सांगावं लागतं.

1942 मध्ये संसदेने निधी थांबवला, छावण्या उठल्या. बहुतेक पोरं महायुद्धावर गेली, परतली ती संसाराला लागली. 1977 मध्ये, साठीच्या आसपास पोचलेल्या या मंडळींनी माजी शिबिरार्थींची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. गावोगावी शाखा निघाल्या, वार्षिक मेळावे भरू लागले. त्या निमित्ताने घरोघरच्या ट्रंका उघडल्या. गणवेश, पत्रं, छावणीचे सामूहिक फोटो बाहेर आले. त्यांत सायक्लोस्टाइल केलेली छावण्यांची वार्तापत्रंही होती. कोण नवा आला, मुष्टियुद्धात कोण जिंकला, जेवण कसं होतं, असा रोजचा मजकूर. सरकारी अहवालात न सापडणारी छावणी या चार-आठ पानांत सापडते.

पण या संघटनेपुढे एक अडचण पहिल्या दिवसापासून होती. छावण्या बंद झाल्या होत्या, त्यामुळे नवा माजी शिबिरार्थी कधीच येणार नव्हता. दर मेळाव्याला खुर्च्या कमी होणार, हे सर्वांना दिसत होतं. त्यांनी ते वेळेवर मान्य केलं, हे मला या मंडळींचं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं. 2007 मध्ये ही संघटना ‘सीसीसी लेगसी’ या संस्थेत विलीन झाली. तिथे मुलं, नातवंडं, इतिहासाचे अभ्यासक, उद्यानांचे कर्मचारी असे सगळेच सामावले. नातवंडं आता सेंट लुईसच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून आजोबांची कागदपत्रं मिळवतात आणि आजोबांनी रचलेली दगडी भिंत शोधत उद्यानात जातात. 1942 मध्ये 17 वर्षांचा असलेला पोरगा आज हयात असेल, तर त्याने शंभरी गाठलेली आहे. पण त्याची आठवण आता केवळ त्याच्या जिवावर तगून नाही.

आपल्याकडेही राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत, बाबा आमटेंनी सुरू केलेल्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत पिढ्यान्‌पिढ्या तरुणांनी घमेली उचलली आहेत. त्यांतले पहिले आता सत्तरीपलीकडे आहेत. तुम्ही त्यांच्यापैकी असाल, तर कुठला बांध घातला, कोणत्या वर्षी, सोबत कोण होतं, हे लिहून ठेवा. फोटोमागे नावं घाला. आणि ते सगळं एखाद्या तरुणाच्या हाती आताच सोपवा.