‘डॉक्टरकाका सुई टोचतील!’

“जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील!” अशी धमकी मराठी घरांत सर्रास ऐकू येते. घास पोटात जातो खरा, पण डॉक्टर म्हणजे शिक्षा ही समजूतही मनात घर करते. हेच मूल विशीत नोकरीसाठी परगावी जातं आणि दाढ ठणकत असली तरी दवाखान्याची पायरी चढायचं टाळतं. घरचे त्याला आळशी म्हणतात. पुष्कळदा तो आळस नसतो, लहानपणापासूनची भीती असते.

कॅनडातल्या टोरांटो येथील संशोधक अ‍ॅना टॅडिओ यांनी वर्षानुवर्षं या भीतीचा अभ्यास केला आहे. जन्मल्यावर लगेच सुंता झालेली बाळं चार-सहा महिन्यांनी लस घेताना इतर बाळांपेक्षा जास्त कळवळतात, असं त्यांच्या १९९७च्या अभ्यासात दिसलं. बाळाला काही आठवत नसलं, तरी शरीर वेदना विसरत नाही. २०१२मध्ये त्यांच्या गटाने मुलांना आणि पालकांना सुईच्या भीतीविषयी विचारलं. ६३ टक्के मुलांनी आणि २४ टक्के पालकांनी भीती वाटते असं सांगितलं. मोठेपणी ही भीती आपोआप जाईलच, असं म्हणता येत नाही.

आठवण मात्र बदलता येते. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांच्या पाठीच्या मणक्यातून वारंवार पाणी काढावं लागतं. अमेरिकेत १९९९मध्ये अशा काही मुलांशी संशोधकांनी आधीच्या खेपेविषयी बोलून बघितलं. तेव्हा तू काय केलंस, कसा धीर धरलास, याची त्यांना आठवण करून दिली. पुढच्या खेपेला त्या मुलांचा त्रास कमी झाला. सुई तीच होती. आपल्याला हे जमतं, हा विश्वास नवा होता.

आशावाद म्हणतात तो इथे रुजतो. पण त्याचे दोन प्रकार आहेत आणि तरुणांच्या बाबतीत त्यांची गल्लत फार होते. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले नील वाइनस्टाइन यांनी १९८०मध्ये विद्यार्थ्यांना त्यांच्या भविष्याविषयी विचारलं. वाईट गोष्टी आपल्यापेक्षा इतरांच्याच वाट्याला येतील, असा बहुतेकांचा समज निघाला. “मला काय धाड भरलीये?” म्हणत तपासणी टाळणारा तरुण या प्रकारातला. दुसरा आशावादी दुखणं नाकारत नाही. वेळेवर इलाज केला तर आपण बरे होऊ, अशी त्याला खात्री असते, म्हणून तो दवाखान्यात जातो. लहानपणी दवाखान्यातून धीर घेऊन परतलेल्या मुलाला ही खात्री वाटणं सोपं जातं.

हा धीर द्यायला खर्च येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये लसीकरणाच्या वेदना कमी करण्यासाठी साधे उपाय सुचवले: आईवडिलांनी जवळ थांबावं, बाळाला आडवं न पाडता कुशीत धरावं, शक्य असेल तिथे अंगावर पाजावं, आणि जास्त दुखणारी लस शेवटी द्यावी. आपल्याकडे दीड महिन्याच्या बाळाला एकाच दिवशी दोन्ही मांड्यांत आणि दंडात इंजेक्शनं मिळतात. अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी सिस्टर आणि आशाताई हे उपाय सहज करू शकतात.

थोड्या मोठ्या मुलाशी खोटं बोलू नये. “अजिबात दुखणार नाही” हे वाक्य सुई लागताच खोटं ठरतं, आणि सांगणाऱ्यावरचा विश्वासही जातो. त्यापेक्षा “थोडं दुखेल, मी हात धरते” म्हणावं. घरी परतताना “किती रडलास!” न म्हणता “शेवटी हात किती स्थिर ठेवलास!” असं सांगावं.

सरकारी वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते. त्या दिवशी पालकांनी थोडं मागे राहून मुलालाच प्रश्न विचारू द्यावेत: ही लस कशाची, हात किती दिवस दुखेल, ताप आला तर काय करायचं? डॉक्टरांनीही उत्तर आईकडे बघून न देता त्याच्याकडे बघून द्यावं. काही वर्षांनी त्याला एकट्यानेच दवाखान्यात जायचं असतं.