गृहप्रसूती करविणारी नर्स-मिडवाइफ : शिक्षण, मर्यादा व आपले कर्तव्य

अमेरिकेत स्थायिक झालेल्या कन्येच्या बाळंतपणासाठी निघालेले मातापिता सूतिकेची औषधे घेण्यास आमच्याकडे येतात. त्यांपैकी काही जण विचारतात, "तिकडे नर्स घरी येऊन बाळंतपण करते म्हणे. ते सुरक्षित असते का?" या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. ती परिचारिका कोण व ती कोणती प्रसूती घरी स्वीकारते, हे आधी जाणून घ्यावे लागते.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागार सिद्ध करण्यास सांगितले आहे व तेथील स्त्रिया अनेकदा प्रसूत झालेल्या, अनुभवी असाव्यात असा निर्देश आहे. स्थान, साहित्य व परिचारिका यांची पूर्वसिद्धता हा विचार आपणांस नवा नाही.

शिक्षणक्रम

ब्रिटनमध्ये सुईणीचे शिक्षण घेतलेल्या मेरी ब्रेकिन्रिज यांनी १९२५ साली केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात सेवा सुरू केली. त्यांच्या परिचारिका घोड्यावरून घरोघरी जात. अमेरिकेतील नर्स-मिडवाइफ व्यवसायाचा पाया येथे घातला गेला.

आज 'सर्टिफाइड नर्स-मिडवाइफ' होण्यासाठी प्रथम परिचर्येचे शिक्षण व नोंदणी, त्यानंतर मान्यताप्राप्त संस्थेतून मिडवाइफरीचे पदव्युत्तर शिक्षण आणि शेवटी राष्ट्रीय मंडळाची परीक्षा असा क्रम आहे. पदव्युत्तर पदवी २०१० पासून अनिवार्य आहे. प्रमाणपत्राचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते व राज्याचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. काही राज्यांत डॉक्टरांशी सहकार्याचा लेखी करारही लागतो. बहुसंख्य नर्स-मिडवाइफ रुग्णालयातच काम करतात. गृहप्रसूतीकडे वळणारी परिचारिका सामान्यतः अनुभवी सहकाऱ्याच्या हाताखाली ते कौशल्य मिळविते.

घरातील शिस्त

एकच गर्भ, शिर खाली, पूर्ण दिवस भरलेले व मातेस रक्तदाबादी विकार नाहीत, अशीच प्रसूती सामान्यतः घरी घेतली जाते. प्रसूतीसमयी दोन प्रशिक्षित व्यक्ती उपस्थित असणे अपेक्षित आहे. पिशवीत गर्भाचे हृदयस्पंदन ऐकण्याचे यंत्र, रक्तस्राव थांबविणारी ऑक्सिटोसिनसारखी औषधे, टाके घालण्याचे साहित्य व नवजाताच्या श्वसनासाठी मास्क असतो. कोणत्या लक्षणांवर व कोणत्या रुग्णालयात हलवावयाचे, हे आधीच ठरलेले असते.

यात मोठा फरक पहिलटकरणीचा आहे. इंग्लंडमधील २०११ च्या मोठ्या अभ्यासात घरी प्रसूतीचे नियोजन केलेल्या कमी जोखमीच्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के स्त्रियांना रुग्णालयात हलवावे लागले. आधी बाळंत झालेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होते. पहिलटकरणींच्या बालकांत गंभीर दुष्परिणाम हजारी ९.३ आढळले; रुग्णालयात ते ५.३ होते. आधी बाळंत झालेल्यांत असा फरक दिसला नाही. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संघटना जुळे, गर्भाची विपरीत स्थिती व पूर्वीचे सिझेरियन असता गृहप्रसूती वर्ज्य मानते.

आपले कर्तव्य

येथे आपला संबंध औषधांशी येतो. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ या काळात आयुर्वेदीय औषधे घेणाऱ्या सहा गर्भिणींच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. हे वृत्त आपल्या व्यवसायास खाली पाहावयास लावणारे आहे. म्हणून आम्ही पुढील पथ्ये पाळतो :

१. गर्भिणीसाठी रसकल्प व भस्मयुक्त औषध परदेशी पाठवीत नाही.
२. कळा आणण्यासाठी एरंडतेल वा काढा देत नाही. त्याचा निर्णय प्रत्यक्ष तपासणाऱ्या व्यक्तीनेच घ्यावयाचा असतो.
३. प्रत्येक औषधाचे घटक, मात्रा व बॅच क्रमांक लिहून देतो व तो कागद मिडवाइफला दाखविण्यास सांगतो.

औषधविक्रेत्यांनीही दुकानात हाच नियम ठेवावा.

भारतात २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचा मिडवाइफरी अभ्यासक्रम आखला गेला. त्यांचे कार्यक्षेत्र आरोग्यसंस्था आहे, घर नव्हे. तेव्हा वरील माहितीचा आधार घेऊन येथील गर्भिणीस घरी थांबण्याचा सल्ला देणे अनुचित ठरेल. त्या परिचारिकेचे खरे बळ घरात नसून निवड, सज्जता व वेळीच रुग्णालय गाठण्याच्या तत्परतेत आहे. विचारणाऱ्या मातापित्यांना आम्ही हेच सांगतो.