कुंडीला तहान लागली, हे कोणी ठरवायचे?

कुंडीतल्या मातीत दोन खिळे रोवायचे, त्यांना तारा जोडायच्या आणि माती कोरडी पडली की पुठ्ठ्याच्या बाहुल्यावर रडके तोंड उमटवायचे. सातवी-आठवीच्या मुलांबरोबर आम्ही हा उद्योग केला. दिसायला खेळणे, पण त्यातून निघालेल्या प्रश्नांनी आम्हांलाही बरेच दिवस गुंतवून ठेवले.

यासाठी वापरलेली मायक्रोबिट ही पट्टी जेमतेम ५ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या पुढाकाराने २०१६ साली अकरा-बारा वर्षांच्या सुमारे दहा लाख मुलांसाठी ती विनामूल्य देण्यात आली. पट्टीवर पाच ओळींत पाच-पाच असे २५ लाल दिवे, दोन बटणे आणि कडेला क्लिप अडकवता येईल अशी मोठी भोके असतात. दोन सेलवर ती चालते. संगणकाच्या पडद्यावर आज्ञांचे ठोकळे एकमेकांत अडकवून आज्ञावली तयार करायची आणि ती पट्टीत उतरवायची. सजावटीचे तयार संचही विकत मिळतात, पण आमचे मत विचाराल तर ते घेऊ नयेत. फाटका मोजा, बटणे आणि खोक्याचा पुठ्ठा यांतून स्वतः केलेल्या बाहुल्याची काळजी मुले अधिक घेतात.

आता जोडणी पाहू. एक खिळा १ क्रमांकाच्या भोकाला आणि दुसरा ० क्रमांकाच्या भोकाला जोडावा. ० क्रमांकाचे भोक आणि जीएनडी असे लिहिलेले भोक यांच्यामध्ये १० हजार ओहमचा रेझिस्टर लावावा. १ क्रमांकाच्या भोकावर सुमारे ३ व्होल्ट आणले की वीज मातीतून आणि मग रेझिस्टरमधून वाहते. रेझिस्टरवरचे विभवांतर पट्टी ० ते १०२३ यांमधील आकड्याने सांगते. समजा, मातीचा रोधही १० हजार ओहम आहे. मग विभवांतर निम्मे-निम्मे वाटले जाईल आणि आकडा ५११च्या आसपास येईल. माती वाळून तिचा रोध ९० हजार ओहम झाला, तर रेझिस्टरच्या वाट्याला एक दशांश विभवांतर उरेल आणि आकडा १०२वर उतरेल. दहावीच्या विद्यार्थ्यांना ओहमच्या नियमावर याहून जिवंत उदाहरण देणे अवघड आहे.

जोडणी झाली आणि एका मुलीने विचारले, ‘‘सर, किती आकड्याच्या खाली रडवायचं?’’ ‘३०० घाल’ हे शब्द आमच्या ओठांवर आले होते. ते गिळले हे बरे झाले, कारण आकडा ठरवणे हाच या प्रयोगाचा गाभा आहे. तिने आणि तिच्या गटाने कुंडीला पाणी न घालता रोज शाळा भरताना व सुटताना आकडा टिपला. पाने मलूल दिसू लागली तो दिवस खुणेने नोंदवला. मग चमच्याचमच्याने पाणी घालून आकडा कसा चढतो ते पाहिले. शेजारच्या कुंडीत तोच आकडा लागू पडेना, तेव्हा खिळ्यांमधले अंतर आणि ते किती खोल आहेत हे मोजण्याची कल्पना त्यांना आपोआप सुचली.

एका खोडकर मुलाने आपल्या कुंडीत मिठाचे पाणी ओतले. आकडा एकदम वर गेला आणि बाहुला हसू लागला. रोपाने मात्र दोन दिवसांत मान टाकली. क्षारांच्या आयनांमुळे माती वीज चांगली वाहू लागते. पण त्याच क्षारांमुळे मुळांना पाणी शोषून घेणे कठीण होते. म्हणजे आपले यंत्र तहान मोजतच नव्हते. ते फक्त मातीतून वीज किती सहज वाहते ते सांगत होते. तहान हा शब्द आपण त्याला चिकटवला होता. मुलांनी बाहुल्याच्या पोटावरचे ‘मला पाणी द्या’ खोडून तेथे ‘मातीतून वीज वाहत नाही’ असे लिहिले. त्यावर वर्गात बराच वाद झाला. लहान मुलांना हे कसे कळणार, असे काहींचे म्हणणे होते.

तिसरी गोष्ट आमच्या चुकीमुळे कळली. सुरुवातीच्या आज्ञावलीत आम्ही खिळ्यांतून वीज सतत वाहू दिली होती. आठवड्याभरात ओल्या मातीतही आकडा घसरू लागला. खिळे उपटले तर धन बाजूचा खिळा खरबरीत होऊन झिजलेला. हे विद्युत अपघटन! धन बाजूच्या खिळ्याचा धातू आयनांच्या रूपाने मातीत उतरत होता. उपाय सोपा आहे. १ क्रमांकाच्या भोकावर वीज आणावी, आकडा वाचावा आणि लगेच ती बंद करावी. तासाभराने एकदा असे केले तरी पुरते, कारण माती काही मिनिटांत वाळत नाही. झिजलेला खिळा मात्र टाकून न देता नव्या खिळ्याशेजारी वर्गात ठेवावा. पट्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुंडीपासून हातभर दूर ठेवावी. पाणी घालणाऱ्याचा नेम चुकतोच.