किडनी बदललेल्या माणसाला हृदयाची गोळी देताना

किडनीरोपण हा उपचार पूर्वी केवळ पैसेवाल्यांचा समजला जाई. आज आपल्या वस्त्यांतही किडनी बदललेली माणसे भेटतात. सरकारी योजना, धर्मादाय निधी, नातेवाइकांची वर्गणी यांतून शस्त्रक्रियेचा खर्च कसाबसा उभा राहतो. किडनी मात्र बहुधा घरातूनच येते, आणि ती देणारी बहुतेक वेळा आई असते किंवा पत्नी. एवढ्या त्यागातून मिळालेला अवयव एखाद्या साध्या गोळीने धोक्यात येऊ शकतो, हे किती कुटुंबांना ठाऊक असते? समाजकार्याच्या निमित्ताने रुग्णांबरोबर इस्पितळांच्या फेऱ्या मारताना आम्ही जे पाहिले आणि डॉक्टर मंडळींकडून जे समजून घेतले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

आपले शरीर दुसऱ्याच्या अवयवाला परका समजते आणि त्यावर तुटून पडते. हा हल्ला थोपवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे रोज, वेळच्या वेळी घ्यावी लागतात. त्यांतील दोन प्रमुख औषधे म्हणजे सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस. दोन्हींचे मूळ मातीत आहे. सायक्लोस्पोरिन देणारी बुरशी १९६९ साली नॉर्वेतील एका पठारावरून आणलेल्या मातीत होती. अमेरिकेत या औषधाला १९८३ साली मान्यता मिळाली. टॅक्रोलिमस १९८४ साली जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या जंतूपासून मिळाले. या औषधांनी रोपणशास्त्राचे चित्रच पालटले.

परंतु ही औषधे मोठी हट्टी आहेत. रक्तातील त्यांचे प्रमाण थोडे कमी पडले तर शरीर नवी किडनी नाकारू लागते. थोडे वाढले तर हात थरथरतात, डोके दुखते, रक्तदाब चढतो आणि जिला वाचवायचे तीच किडनी खराब होऊ लागते. म्हणूनच डॉक्टर वारंवार रक्तातील 'लेव्हल' तपासायला सांगतात.

आता हृदयाकडे वळू. किडनी बदललेल्या माणसाला रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. त्यामुळे हृदयाची औषधे त्याला लागतातच. अडचण अशी की, सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस यांचा निचरा यकृतातील व आतड्यातील ज्या विकराकडून होतो, त्याच विकराला हृदयाची काही औषधे अडवून धरतात. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे तर जमा रोज तेवढीच होते, पण खर्च थांबतो आणि शिल्लक फुगत जाते.

डिल्टियाझेम व वेरापॅमिल ही अशी दोन औषधे. छातीतील दुखणे, धडधड, रक्तदाब यांसाठी ती दिली जातात. ती सुरू झाली की टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनची पातळी वाढते. याचा उपयोगही करून घेतला गेला आहे. सायक्लोस्पोरिन महाग, म्हणून डिल्टियाझेम मुद्दाम जोडून द्यायचे आणि कमी मात्रेत भागवायचे, हा काटकसरीचा मार्ग आपल्या देशातील डॉक्टरांनीही वापरला आहे.

इथेच दुसरा धोका आहे. आमच्या परिचयातील एका तरुणाला त्याच्या आईने किडनी दिली होती. त्याला डिल्टियाझेम याच हेतूने चालू होते. पुढे चक्कर येते म्हणून त्याने दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवले. रोपणाची फाइल घरीच राहिलेली. बीपी कमी दिसले, म्हणून ती गोळी बंद झाली. निचऱ्याची वाट मोकळी झाली, औषधाची पातळी घसरली आणि थोड्याच दिवसांत क्रिएटिनिन वाढले. वेळीच इस्पितळ गाठल्यामुळे किडनी वाचली. बंद झालेली गोळी हृदयाची, पण संकट आले ते किडनीवर. अशी गोळी सुरू करताना जेवढी काळजी घ्यायची, तेवढीच ती बंद करतानाही घेतली पाहिजे.

आणखी काही औषधे लक्षात ठेवावीत. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन पातळी वाढवते आणि ते बंद केल्यावरही त्याचा अंमल कित्येक आठवडे राहतो. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्यांची गोष्ट उलटी आहे. तिथे सायक्लोस्पोरिनच स्टॅटिनची पातळी वाढवते. त्यातून स्नायू झिजून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि किडनीला इजा होते. म्हणून सायक्लोस्पोरिनबरोबर सिम्वास्टॅटिन वर्ज्य आहे. इतर स्टॅटिन डॉक्टर जपून, कमी मात्रेत देतात. अंग विलक्षण दुखू लागले, लघवी काळपट झाली तर थांबू नये. डिगॉक्सिनही सायक्लोस्पोरिनमुळे रक्तात साठते. रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्यांनी पोटॅशियम वाढते आणि टॅक्रोलिमस-सायक्लोस्पोरिननेही वाढते. अशा रुग्णाला भेटायला जाताना आपण प्रेमाने शहाळे नेतो. पण नारळपाण्यातही पोटॅशियम भरपूर असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊ नये. ग्रेपफ्रूट व त्याच जातीचे पपनस ही फळेही टाळावीत, कारण तीही त्याच विकराला अडवतात.

हे वाचून कोणी घाबरून हृदयाची गोळी बंद करू नये. अम्लोडिपिनसारखी, या बाबतीत बरीच सौम्य औषधे आहेत. आणि डिल्टियाझेमही लेव्हल तपासून सुरक्षितपणे देता येते. निवड डॉक्टरांनी करायची. घराने करायचे ते एवढेच:

सर्व औषधांची नावे व मात्रा लिहिलेला कागद रुग्णाच्या खिशात कायम ठेवावा. त्यावर रोपण केव्हा झाले हे ठळक लिहावे. कोणतीही गोळी सुरू, बंद वा कमी-जास्त झाली की रोपणाच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे आणि लेव्हल केव्हा तपासायची ते विचारावे. टॅक्रोलिमसची तपासणी सकाळच्या डोसाआधी रक्त देऊन होते. गोळी घेऊन गेल्यास आकडा चुकीचा येतो. मेडिकलवाल्याने "कंपनी वेगळी, औषध तेच" म्हटले, तरी डॉक्टरांना विचारल्याविना टॅक्रोलिमसची कंपनी बदलू नये.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेल्या, कोणी विचारीत नसलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः आंघोळ घातली. त्यानंतर त्यांनी सेवा करणाऱ्याचे गुण सांगितले. रोग्याला हितकर काय व अहितकर काय हे त्याने ओळखावे, हा त्यांतील एक गुण. रोग्यानेही आपली अवस्था सेवा करणाऱ्यापासून लपवू नये, असे तिथे म्हटले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण आजच्या औषधांच्या फाइलीलाही लागू पडते.

ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घरातील शिकल्या-सवरल्या मुलामुलीने आज संध्याकाळीच वही घेऊन बसावे आणि तो कागद तयार करावा. आईने दिलेली किडनी सांभाळण्याचे ते पहिले काम आहे.

जय भीम!